जवसाची भिंत, कागदाची भिंत
(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमातलं भाषण)

दिवसभराची कामं उरकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी तांदूळ निवडत असेल. हात चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

आज आम्ही भिंतींबद्दल बोलणार आहोत. आपल्या सारवलेल्या भिंतींबद्दल नाही, जरा लांबच्या भिंतींबद्दल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात आणि जपानात मोठ्या घरांच्या, कचेऱ्यांच्या भिंतींवर उठावाच्या नक्षीचं आच्छादन लावत असत. उठावाची नक्षी म्हणजे कशी? साच्यातून मोदक काढला की त्यावर कळ्या वर आलेल्या दिसतात ना, तशी. हात फिरवला की पानं, वेली, फुलं बोटांना लागतात. लांबून वाटावं, कुणी लाकूड कोरलंय, नाहीतर चामड्यावर नक्षी ठोकलीय. पण ते लाकूडही नव्हतं आणि चामडंही नव्हतं. एका प्रकारात ते होतं जवसाचं तेल, दुसऱ्यात कापसाचा आणि कागदाचा लगदा, तिसऱ्यात हाताने केलेला कागद.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडातल्या आणि जपानातल्या भिंती. आमचा काय संबंध? आहे संबंध. जवस आपल्या विदर्भात पिकतं. लगदा आपल्या आज्या करत आल्या आहेत. साचा तर प्रत्येकीच्या घरात आहे. आणि या जुन्या भिंती दुरुस्त करणारी माणसं ज्या रीतीने काम करतात, त्या रीतीत आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी आहेत. त्यातल्या दोन तर घरातल्या लेकराबाळांच्या जिवाशी निगडित आहेत. म्हणून हा विषय घेतला.

आधी जवसाची गोष्ट ऐका.

इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन नावाचा एक कारखानदार होता. जवसाच्या तेलात कालवलेला रंगाचा डबा उघडा राहिला, की वर साय धरते हे त्याने पाहिलं. दुधावर धरते तशीच, पण ही साय रबरासारखी चिवट. आपणही हे पाहिलेलं आहे. ऑइलपेंटचा डबा वर्षभर पडून राहिला की वरचा पापुद्रा काढूनच खालचा रंग वापरावा लागतो. वॉल्टनने त्या पापुद्र्याचाच धंदा केला. उंच मांडवात पातळ कापडाचे पडदे टांगायचे आणि त्यांवरून पुन्हा पुन्हा तेल सोडायचं. थरावर थर सुकत गेला की जाड, लवचीक साय तयार व्हायची. ती दळून त्यात राळ आणि भुसा घालून, खाली कापड लावून त्याने जमिनीवर अंथरायचं लिनोलियम बनवलं. हे १८६० नंतरच्या काळातलं.

मग १८७७ मध्ये त्याने तीच युक्ती भिंतीसाठी वापरली. घट्ट झालेलं जवसाचं तेल, राळ, मेण, खडूची पूड आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा गोळा मळायचा. पोळीच्या कणकेसारखा. तो कापडावर पसरायचा आणि वरून नक्षी कोरलेला धातूचा जड रूळ फिरवायचा. रुळात जिथे खोलगट कोरलंय तिथे गोळा भरतो आणि नक्षी वर येते. पुढे कापडाऐवजी जाड कागदाचा आधार द्यायला लागले. या आच्छादनाला त्याने नाव दिलं लिंक्रस्टा. त्यातलं लिन म्हणजे जवस. लंडनजवळ थेम्स नदीकाठच्या सन्बरी गावी त्याचा कारखाना होता. १८८३ मध्ये अमेरिकेतही हा माल बनू लागला.

लोकांना ते का आवडलं? एक तर कोरीव कामाचा थाट कमी खर्चात मिळे. दुसरं, साधा भिंतीचा कागद ओला झाला की गेला. हे मात्र ओल्या फडक्याने पुसता येई. जिन्याच्या बाजूला, बोळात, जिथे येताजाता माणसांचे खांदे आणि हात लागतात, तिथे भिंतीच्या खालच्या निम्म्या भागाला ते लावत. आणि जवसाचं तेल वर्षागणिक जास्तच कडक होत जातं, म्हणून हे आच्छादन टिकलं. आज सव्वाशे वर्षांनंतरही कित्येक घरांत ते शाबूत आहे.

आता यातला आपला धागा. त्या काळी इंग्लंडातल्या रंगाच्या, वार्निशाच्या आणि लिनोलियमच्या कारखान्यांना जवस लागे खंडीच्या खंडी. त्यातलं पुष्कळ जवस हिंदुस्थानातून मुंबई आणि कलकत्ता बंदरांतून बोटीने जात असे. आपला नागपूर, वर्धा, चांद्याकडचा मुलूख जवसासाठी प्रसिद्ध होता. कुठल्या भिंतीत कुठल्या शेतातलं जवस गेलं, हे सांगता येणार नाही. पण ज्या पिकाची आपण चटणी करून भाकरीबरोबर खातो, त्याच पिकाच्या तेलावर एवढा मोठा उद्योग उभा होता, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

इथेच पहिली कामाची गोष्ट सांगतो. जवसाचं तेल, म्हणजेच अळशीचं तेल, आपल्याकडे दाराखिडक्यांना लावतात. सुतार त्याला बेलतेलही म्हणतात. हे तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि तसं होताना त्यात उष्णता तयार होते. दारावर पातळ थर असतो तेव्हा ती उष्णता निघून जाते. पण तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर उष्णता आतल्या आत साठते. काडी न लावता, ठिणगी न पडता, काही तासांनी तो बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. जुन्या लाकडाची दुरुस्ती करणारे कारागीर हा नियम कधी मोडत नाहीत. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायच्या. घरात, गोठ्यात, कडब्याजवळ, जळणाच्या ढिगाजवळ बोळा टाकायचा नाही. सणासाठी दारं चकचकीत करताना हे एवढं लक्षात ठेवा.

आता लगद्याची गोष्ट.

वॉल्टनच्या लंडनमधल्या दुकानाचा एक व्यवस्थापक होता, टॉमस पामर. त्याच्या मनात आलं, की लिंक्रस्टा जड आहे, कडक आहे आणि महागही. हेच जर लगद्यातून काढलं तर? १८८७ च्या सुमारास त्याने कापसाच्या आणि कागदाच्या लगद्याचं हलकं, लवचीक आच्छादन काढलं आणि त्याला ॲनाग्लिप्टा असं नाव दिलं. लगदा ओला असतानाच त्यावर नक्षी उठवायची. ते वजनाला इतकं हलकं, की छतालाही लावता येई. लँकेशायर भागातल्या डार्वेन गावी ते तयार होत असे. तो भाग सूतगिरण्यांचा.

मैत्रिणींनो, हे ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे टोपली आली का? रद्दी कागद भिजत घालायचा, दोन-तीन दिवसांनी उखळात कुटायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची, आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायची. मेथीने चिकटपणा येतो आणि किडीला कडू लागतं. आपल्याकडे दाणे, डाळी ठेवायला अशा टोपल्या घरोघरी होत्या. पामरचा लगदा आणि आपला लगदा यांचं तत्त्व एकच आहे. धागे पाण्यात सुटे करायचे, दाबून एकमेकांत गुंतवायचे आणि वाळवायचे. त्याने त्यासाठी यंत्र आणि रूळ वापरला, आपण हात आणि पातेलं.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

समजा, जुन्या घरात अशी भिंत आहे. नळ गळून खालचा भाग फुगलाय. कुणी खिळा मारून तुकडा पाडलाय. मधेच हातभर जागेची नक्षी गेली आहे. घरमालक म्हणतो, काढून टाका सगळं आणि सिमेंट मारा. दुरुस्तीवाला म्हणतो, थांबा. गेलेल्या भागाची नक्कल याच भिंतीवर आहे.

ती कशी? रूळ गोल असतो. तो फिरत जातो तसं तेच फूल, तीच वेल ठराविक अंतराने पुन्हा येते. जशी रांगोळीच्या कणीत एक आकृती पुन्हा पुन्हा येते, किंवा लुगड्याच्या काठावर तोच मोर पुन्हा येतो. काठ एका जागी फाटला, तरी वीतभर पुढे तोच मोर शाबूत असतो. तसंच इथे. इकडचं फूल तुटलं असेल, पण तिकडे तेच फूल धड आहे. त्याचा ठसा घेतला की तुटलेल्या जागी नवं बसवता येतं. मात्र सगळंच खरवडून टाकलं तर ठसा घ्यायला काही उरत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की ठसा घेतल्याशिवाय काढायचं काही नाही.

काम कसं चालतं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी ओल कुठून येते ते शोधायचं. छप्पर गळतंय, पाइप फुटलाय, की बाहेरच्या मातीची भर भिंतीवर चढली आहे? ते कारण बंद केल्याशिवाय आतली दुरुस्ती करणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. भिंत पुरती वाळू द्यायची, त्याला कधी महिने लागतात.

मग बोटाच्या पेराने हलकं ठोकत जायचं. मडकं विकत घेताना आपण वाजवून बघतो तसं. आवाज पोकळ आला तर तिथे आच्छादन भिंतीपासून सुटलंय. अशा जागांवर खडूने खूण करायची आणि सगळ्याचे फोटो काढायचे.

साफसफाई कोरड्या मऊ कुंचल्याने. लिंक्रस्टा असेल तर किंचित ओलं फडकं चालतं. लगद्याचं असेल तर पाणी जपून, कारण पाण्याने लगदा पुन्हा मऊ होतो. आणि जुना रंग निघावा म्हणून कॉस्टिकचं पाणी लिंक्रस्टावर कधी मारायचं नाही. का? तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आला की काय होतं, हे आपल्यातल्या साबण बनवणाऱ्या गटांना विचारा. भिंतीवरच्या तेलाचाच साबण होऊ लागतो आणि नक्षी विरघळते.

जिथे आच्छादन नुसतं सुटलंय, फाटलेलं नाही, तिथे मागे सुईने चिकट सोडतात आणि वरून फळी लावून दाबून ठेवतात. जुनं लिंक्रस्टा ठिसूळ झालेलं असतं. वाकवायला गेलं की तडकतं. म्हणून आधी बेताची ऊब देऊन ते मऊ करून घेतात. शिळी भाकरी तव्यावर जरा गरम केली की वळते, तसा प्रकार.

आणि जिथे तुकडा गेलाच आहे, तिथे ठसा. धड असलेल्या फुलावर अगदी पातळ असं तेलकट बोट फिरवतात, म्हणजे साचा चिकटून बसत नाही. मोदकाच्या साच्याला आपण तुपाचा हात लावतो, तसंच हे. मग त्यावर दाटसर रबर थापून लावतात. ते तासाभरात किंवा रात्रभरात लवचीक घट्ट होतं आणि अलगद सोलून निघतं. त्यात फुलाची प्रत्येक रेघ उलटी उमटलेली असते. त्या साच्यात प्लास्टर किंवा लांबीसारखा गोळा भरला की हुबेहूब फूल मिळतं. ते कडेने कापून, मागून घासून पातळ करून, रिकाम्या जागी चिकटवतात. सांधा बारीक लांबीने बुजवतात. अगदी लहान टवका असेल तर साच्याची गरज नसते. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी भरायची आणि ओली असतानाच काडीने कोरायची. शेवटी रंग जुळवून लावला की दुरुस्ती कुठे झाली हे शोधून सापडत नाही.

एक गोष्ट हे लोक कटाक्षाने पाळतात. मनची नक्षी घालत नाहीत. जे होतं तेच करतात. आणि काय केलं, कुठे केलं, कशाने केलं, हे कागदावर लिहून ठेवतात, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याला कळावं.

आता दुसरी जिवाची गोष्ट. या जुन्या भिंतींवर रंगाचे दहा-दहा थर असतात आणि जुन्या तेलरंगांत शिसं असतं. म्हणून जाणकार कारागीर असा रंग कोरडा घासत नाहीत. कारण धूळ उडते, ती श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जाते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. गरोदर बाईच्या शरीरातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

हे तिकडच्याच भिंतींपुरतं नाही. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं रंगात असता कामा नये, असा तो नियम. म्हणजे त्याआधी दाराला, खिडकीला, पाळण्याला, लोखंडी कपाटाला लावलेल्या ऑइलपेंटमध्ये जास्त शिसं असू शकतं. आणि दिवाळीच्या आधी दारं घासायचं काम कुणाकडे असतं? आपल्याकडेच. शेजारी रांगतं मूल असतं. तेव्हा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. धड असेल तर त्यावरच नवा हात द्या. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करून मग घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, खाली प्लास्टिक अंथरा, पडलेले कपचे केराबरोबर अंगणात झाडू नका. फरशी ओल्या फडक्याने पुसा, हात धुतल्याशिवाय खाऊ नका, कामाचे कपडे वेगळे धुवा. मुलं आणि गरोदर बायका त्या खोलीपासून लांब राहिल्या पाहिजेत. गटाच्या बैठकीत हे एकदा मोठ्याने सांगा.

आता तिसरी गोष्ट, जपानची. साचा राहिला पण हात गेला तर काय होतं, हे ती सांगते.

युरोपात फार पूर्वी श्रीमंतांच्या भिंतींवर नक्षी ठोकलेलं सोनेरी चामडं लावत. त्यात सोनं फारसं नसे. चांदीचा वर्ख लावून वर पिवळं वार्निश दिलं की ते सोन्यासारखं दिसे. डच व्यापाऱ्यांनी हे चामडं जपानात नेलं. जपानी लोकांनी त्याच्या तंबाखूच्या बटव्यासारख्या लहान वस्तू केल्या. पण इसे या मोठ्या तीर्थाच्या यात्रेत चामडं अशुद्ध मानलं जाई. म्हणून तिथल्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस कागदालाच चामड्याचं रूप दिलं आणि त्याचे बटवे यात्रेकरूंना विकले. यात्रेच्या वाटेवर काय खपतं हे ओळखणारी माणसं सगळीकडे असतात, आपल्या पंढरीच्या वाटेवरही.

त्या कागदाचं पुढे भिंतीचं आच्छादन झालं. १८७३ च्या व्हिएन्नातल्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि युरोपात त्याला मागणी आली. ज्या युरोपाकडून नक्षीचं चामडं आलं, त्याच युरोपाला जपानने कागदाचं चामडं विकलं. त्याचं नाव किंकाराकावाकामी. सोनेरी परदेशी चामड्यासारखा कागद, असा त्याचा साधारण अर्थ.

ते करायची रीत अशी. तुतीच्या कुळातल्या आणि दुसऱ्या काही झुडपांच्या सालीपासून हाताने कागद करायचा. त्याचे थर चिकटवून वर सोन्याचा, चांदीचा किंवा कथलाचा वर्ख लावायचा. कागद ओलसर करून नक्षी कोरलेल्या लाकडी रुळाला गुंडाळायचा आणि ताठ केसांच्या ब्रशाने ठोकत राहायचं. एक-दोनदा नाही, तासन् तास. ठोकता ठोकता कागद कोरलेल्या खाचांत बसतो. मग सोडवून वाळवायचा आणि रंग, वार्निश द्यायचं. चपळ हात नुसता कामाचा नाही. किती जोर द्यायचा हे हाताला कळावं लागतं. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, कमी पडला तर नक्षी उठत नाही.

पुढे यंत्राचा स्वस्त माल आला, मागणी गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे काम बंद पडलं. जुने कोरीव रूळ टोकियोच्या कागदाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले होते. पण त्यांवर कागद ठोकायचा कसा, किती ओला ठेवायचा, कोणता कागद घ्यायचा, हे सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. साचा होता, हात नव्हता.

मग १९८० नंतरच्या दशकात ओतारू शहरातल्या एका जुन्या जहाज कंपनीच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. १९०६ साली बांधलेली ती इमारत, भिंतींना हाच सोनेरी कागद. तो पुन्हा कोण करणार? ताकाशी उएदा नावाच्या कारागिराने ते मनावर घेतलं. जुने तुकडे तपासले, रूळ पाहिले, पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि ती विद्या नव्याने उभी केली. पुढे कुरे शहरातलं नौदल सेनापतीचं जुनं निवासस्थान आणि टोकियोतला इवासाकी घराण्याचा १८९६ सालचा बंगला, इथेही त्यांच्या हातचा कागद लागला. आज हे बंगले लोकांना बघायला खुले आहेत.

मैत्रिणींनो, यातून आम्हाला जे कळलं ते साधं आहे. वस्तू टिकवायला दोन गोष्टी लागतात. एक नमुना आणि एक जाणता हात. इंग्लंडातल्या भिंतीवर नमुना शेजारीच होता, म्हणून काम सोपं झालं. जपानात नमुना संग्रहालयात होता, पण जाणता हात गेल्यामुळे एका माणसाला सगळं मुळापासून शोधावं लागलं. आपल्या गावात काय आहे? जुन्या चौकटीवरची नक्षी आहे. पाडव्याच्या साखरेच्या गाठींचे लाकडी साचे आहेत. गोधडीचे टाके आहेत. लगद्याची टोपली करणारी एखादी म्हातारी आजी आहे. वाडा पडतो, चौकट भंगारात जाते, आजी जाते. आणि मग आपण म्हणतो, पूर्वी छान असायचं.

तेव्हा पुढच्या बैठकीसाठी हे काम घ्या. पैसे फारसे लागत नाहीत.

गावातली एक जुनी कोरीव चौकट, खांब किंवा पेटी निवडा. घरच्यांना विचारून त्यावर पातळ कागद घट्ट धरा आणि मेणखडू आडवा घासा. नक्षी कागदावर उमटते. खाली गावाचं नाव, घर, तारीख आणि वस्तू किती जुनी आहे ते लिहा. ही झाली नोंद. शाळेतली मुलंही हे हौसेने करतील.

उठावाची नक्कल हवी असेल तर नक्षीवर पातळ प्लास्टिक घाला, म्हणजे लाकडाला डाग पडत नाही. त्यावर शाडू मातीचा मऊ गोळा दाबा आणि सावकाश उचला. माती ओलसर असतानाच त्यात प्लास्टर ओता. प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून त्यात हात बुडवून ठेवायचा नाही, आणि मुलांनाही बुडवू द्यायचा नाही. घट्ट झाल्यावर माती काढली की नक्षी हातात.

लगद्यासाठी घरातला जुना लाकडी साचा घ्या. तेलाचं बोट फिरवा, मेथी घातलेला लगदा पिळून घट्ट भरा आणि फडक्याने पाणी टिपत दाबा. सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवला तर तो वाकडा होतो. आमच्या गटात हिवाळ्यात पूर्ण वाळायला चार-पाच दिवस लागले. पण कडा नीट उठल्या आणि वस्तू फुलासारखी हलकी झाली. लगद्याला वापरलेला साचा मात्र पुन्हा खाण्याच्या पदार्थाला वापरू नका.

आणि ज्या आजीला टोपली येते, तिला बैठकीत बोलवा. तिला नुसतं सांगायला लावू नका, करायला लावा. तिच्या हाताशेजारी दोन तरुण सुनांना बसवा. लगदा किती पिळायचा हे तोंडाने सांगता येत नाही, ते हाताने हाताला शिकवावं लागतं. तिच्या वेळेचा मोबदला गटाच्या पैशातून द्या. दुरुस्ती आणि जपणूक हीसुद्धा मजुरीच आहे. ती नीट झाली की दिसत नाही, म्हणून तिचा मोल कुणी करत नाही. निदान आपण तरी करावा.

जाता जाता पुन्हा एकदा उजळणी. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करायचा नाही. जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. ओलीचं कारण शोधल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. आणि ठसा घेतल्याशिवाय जुनं काही काढून टाकायचं नाही.

तुम्ही उमटवलेली नक्षी आमच्या केंद्रावर घेऊन या. कुणाच्या घरची, कुठल्या गावची, ते आम्ही रेडिओवरून सांगू. आजच्यापुरतं इथेच थांबतो.